माइनक्राफ्टमधील महावृक्ष : रचना, निवास आणि वजनाचा प्रश्न

प्रस्तावना

घनाकार ठोकळे फोडणे, गोळा करणे आणि पुन्हा रचणे एवढ्याच मूलभूत कृतींवर उभा असलेला माइनक्राफ्ट हा संगणकीय खेळ स्वीडनमधील मार्कुस पेर्सॉन यांनी २००९ साली प्रथम लोकांपुढे ठेवला. त्याची पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झाली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने मोजांग ही निर्माती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०१६ साली या खेळाची खास शैक्षणिक आवृत्ती उपलब्ध झाली. आज महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी भूमितीच्या पुस्तकाआधी या ठोकळ्यांतून आकारमानाचा अनुभव घेतलेला असतो. त्यामुळे हा खेळ काय शिकवतो, हा प्रश्न आता केवळ बालमानसशास्त्राचा राहिलेला नाही. तो भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि वास्तुविद्या शिकविणाऱ्या अध्यापकांचाही आहे.

या खेळात खेळाडू जे निरनिराळे बांधकाम करतात, त्यांत महावृक्ष हा अत्यंत आवडता प्रकार होय. खेळात नैसर्गिकरीत्या उगवणारे झाड न वापरता शंभर-दीडशे ठोकळे उंचीचे झाड स्वतः रचावयाचे, त्याचे खोड आतून पोकळ ठेवावयाचे, फांद्यांवर खोल्या काढावयाच्या आणि त्यातच राहावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. हा महावृक्ष वास्तविक वृक्षाशी कोठे जुळतो, कोठे फारकत घेतो आणि ही फारकत विद्यार्थ्याच्या मनात कोणता गैरसमज रुजवू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

खेळातील झाडाचे नियम

माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर मानला जातो. २०२१ सालच्या बदलानंतर या जगाची एकूण उंची ३८४ ठोकळे झाली. समुद्रसपाटीच्या वर सुमारे २५० ठोकळ्यांची जागा बांधकामास मिळते. कॅलिफोर्नियातील ‘हायपेरियन’ हा रेडवुड वृक्ष २००६ साली मोजला गेला तेव्हा साडेएकशेपंधरा मीटरपेक्षा किंचित उंच भरला. तो या जगात पूर्ण आकारात तर मावतोच, पण त्याच्या डोक्यावर तेवढाच दुसरा वृक्षही मावू शकतो.

खेळातील झाड मातीच्या ठोकळ्यावर लावलेल्या रोपापासून उगवते. मात्र त्याची वाढ क्रमाक्रमाने होत नाही. रोप काही काळ रोपच राहते आणि एका क्षणी त्याचे पूर्ण झाड होते. त्यानंतर ते कधीही वाढत नाही, म्हातारे होत नाही. जंगल प्रदेशातील झाडाची चार रोपे चौकोनात लावल्यास दोन ठोकळे रुंद आणि सुमारे तीस ठोकळे उंच असे मोठे झाड मिळते. खेळ स्वतःहून देतो त्या झाडांत हे सर्वांत उंचांपैकी आहे. याहून मोठे झाड हवे असल्यास ते हातानेच रचावे लागते.

या नियमांतील सर्वांत लक्षणीय गोष्ट पानांसंबंधीची आहे. नैसर्गिकरीत्या आलेले पान जवळच्या ओंडक्यापासून, पानांच्याच सलग मार्गाने मोजता, सहा ठोकळ्यांच्या आत असेल तरच टिकते. ओंडका तोडला की त्याच्यावर अवलंबून असलेली पाने थोड्याच वेळात नाहीशी होतात. खोडाचे मात्र तसे नाही. बुंध्याचे चार ठोकळे फोडून टाकले तरी वरचे सारे झाड हवेत तसेच लटकून राहते. वाळू, खडी यांसारखे मोजके ठोकळे सोडले तर खेळात काहीही खाली कोसळत नाही. म्हणजे पानाला लाकूड लागते हे या खेळाला ठाऊक आहे. लाकडाला मूळ लागते हे ठाऊक नाही. २०२२ साली खारफुटीचे झाड आणि त्याच्या मुळांचे ठोकळे खेळात आले, तरी ती मुळे भार वाहत नाहीत. शिवाय खेळाडूने स्वतःच्या हाताने ठेवलेले पान कधीच गळत नाही. त्यामुळे रचलेला महावृक्ष वनस्पती म्हणून मृतच असतो. तो वृक्षाच्या आकाराची इमारत असतो.

डोळ्याने मागितलेली जाडी

वजनच नसेल तर खोड किती जाड करावे? खेळाच्या नियमांनुसार एक ठोकळा पुरेसा आहे. शंभर ठोकळे उंच आणि एकच ठोकळा रुंद अशा दांड्यावर फुटबॉलच्या मैदानाएवढा पर्णसंभार ठेवता येतो. तरीही अनुभवी खेळाडू असे करीत नाहीत, कारण ते पाहवत नाही. येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट घडते. नियमांतून हद्दपार केलेले वजन पाहणाऱ्याच्या डोळ्यातून परत येते.

गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या दोन नव्या शास्त्रांवरील संवादग्रंथात यामागचे कारण मांडले आहे. एखादी वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली तर तिचे वजन आठपट होते. पण ते वजन पेलणारे छेदक्षेत्र चौपटच होते. म्हणून प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील ताण दुप्पट होतो. लहान झाडाची हुबेहूब मोठी प्रतिकृती म्हणूनच धोक्यात असते. थॉमस मॅकमहन यांनी १९७३ साली दाखविले की, स्वतःच्या भाराने वाकून न जाण्यासाठी खोडाचा व्यास उंचीच्या प्रमाणात वाढून भागत नाही. तो उंचीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढावा लागतो.

हे सूत्र खेळातील झाडाला लावून पाहणे उद्बोधक आहे. तीस ठोकळे उंचीच्या मोठ्या झाडाचे खोड दोन ठोकळे रुंद असते. त्याच प्रमाणात शंभर ठोकळ्यांचे झाड केल्यास खोड जेमतेम सात ठोकळे रुंद होईल. मॅकमहन यांच्या सूत्रानुसार मात्र ते सुमारे बारा ठोकळे हवे. खेळाडू प्रत्यक्षात कसलेही गणित न करता याहूनही जाड खोड घेतात, कारण आत राहावयाचे असते. समजा, एकवीस ठोकळे व्यासाचे खोड घेतले. त्याला फांद्या कशा फुटाव्यात याचे एक जुने उत्तर लिओनार्दो दा विंची याच्या टिपणांत सापडते. झाडाच्या कोणत्याही उंचीवर सर्व फांद्यांची छेदक्षेत्रे एकत्र केली असता ती खोडाच्या छेदक्षेत्राएवढी भरतात, असे त्याचे निरीक्षण होते. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने केवळ वर्गांची बेरीज केली तरी पुरते. एकवीसचा वर्ग ४४१. नऊ ठोकळे जाडीच्या पाच फांद्या घेतल्यास बेरीज ४०५ येते. नऊच्या प्रत्येक फांदीला पाच-पाचच्या तीन उपफांद्या दिल्यास ८१ च्या जागी ७५, आणि पाचच्या फांदीला तीन-तीनच्या तीन डहाळ्या दिल्यास २५ च्या जागी २७. पूर्ण ठोकळ्यांच्या बंधनात यापेक्षा चांगला मेळ क्वचितच बसेल. अशा रीतीने शेवटी तीन ठोकळे जाडीच्या पंचेचाळीस डहाळ्या तयार होतात आणि त्यांच्या टोकांशी पानांचे गुच्छ बसतात. हे प्रमाण पाळलेले झाड दुरून खरे वाटते. न पाळलेले झाड खांबावर ठेवलेल्या छत्रीसारखे दिसते.

खोड पोकळ करण्याची कल्पनाही निसर्गविरोधी नाही. झाडाचे जिवंत ऊतक सालीखालच्या पातळ थरात असते आणि गाभ्याचे लाकूड मृत असते. गोरखचिंचेची पोकळ झाडे शतकानुशतके जगतात ती याच कारणाने. एकवीस ठोकळे व्यासाच्या खोडाला दोन ठोकळ्यांची भिंत ठेवली तर भरीव खोडाच्या तुलनेत सुमारे ३४ टक्केच लाकूड लागते. वाकण्यास होणारा विरोध मात्र भरीव खोडाच्या ५७ टक्के शिल्लक राहतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. बांबू पोकळ का असतो, या वर्गात नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे.

महावृक्षातील निवास

रचना पूर्ण झाल्यावर राहण्याचा प्रश्न येतो आणि येथे खेळ अचानक कठोर होतो. वजन माफ असले तरी उंची, अंधार, आग आणि अन्न यांपैकी काहीच माफ नाही. अर्थात हे ‘सर्व्हायव्हल’ या प्रकारासंबंधी खरे आहे. ‘क्रिएटिव्ह’ प्रकारात खेळाडू उडू शकतो आणि त्याला कशाचीच वाण नसते; म्हणून तेथे महावृक्ष बांधता येतो, पण त्यात राहणे असे फारसे काही घडत नाही.

खेळातील दिवस-रात्रीचे चक्र वीस मिनिटांचे असून त्यातील सुमारे दहा मिनिटे उजेडाची. शिडीवरून शंभर ठोकळे चढण्यास चाळीस सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. एकदा खाली जाऊन वर येण्यात उजेडाचा एक-दशांशाहून अधिक भाग खर्ची पडतो. जे घरातून वारंवार विहिरीवर जातात त्यांना या हिशेबाचे नवल वाटणार नाही. म्हणून जाणते खेळाडू खोडाच्या मध्यातून पाण्याचा उभा स्तंभ नेतात. त्याच्या तळाशी ‘सोल सँड’ नावाची वाळू ठेवली की बुडबुड्यांचा प्रवाह माणसाला वर ढकलतो आणि तळाशी मॅग्मा ठोकळा ठेवला की खाली ओढतो. अट एवढीच की स्तंभातील प्रत्येक ठोकळा वाहत्या नव्हे, तर स्थिर पाण्याचा असावा. त्यासाठी तळापासून वरपर्यंत केल्प ही समुद्रवनस्पती लावून नंतर काढून टाकण्याची युक्ती रूढ आहे. घाईने खाली उडी मारणे परवडत नाही. तीन ठोकळ्यांनंतर पडण्याची इजा मोजली जाऊ लागते आणि पूर्ण प्रकृतीच्या, पण चिलखत नसलेल्या खेळाडूला तेवीस ठोकळ्यांची पडझड प्राणघातक ठरते. वजन नाही, पण पडणे आहे, ही या जगातील विसंगती येथे नीट ध्यानात येते.

पाणी वर नेण्याचा प्रश्न वास्तविक वृक्षाच्या दृष्टीने सर्वांत मूलभूत आहे. जॉर्ज कोख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेडवुडच्या उंचीची कमाल मर्यादा १२२ ते १३० मीटर असावी असा अंदाज मांडला होता, कारण त्यापुढे शेंड्यापर्यंत पाणी ओढणे झाडाला अशक्य होत जाते. माइनक्राफ्टमध्ये दोन बादल्या पाणी वर नेले आणि चार ठोकळ्यांच्या चौकोनी खड्ड्याच्या समोरासमोरील कोपऱ्यांत ओतले की तो खड्डा कधीच आटत नाही. निसर्गाने ज्या अडचणीपाशी हात टेकले ती येथे दोन बादल्यांत सुटते.

अन्नाची व्यवस्था त्या मानाने सोपी आहे. मध्यभागी एक ठोकळा पाणी आणि भोवती नऊ बाय नऊ ठोकळ्यांची माती, म्हणजे ऐंशी ठोकळ्यांची ओलिताची शेती, सतरा ठोकळे व्यासाच्या पोकळीत सहज बसते. गव्हाला उजेडाची पातळी नऊ किंवा अधिक लागते, म्हणून आत मशाली लावाव्या लागतात.

उजेडाची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. २०२१ सालापासून शत्रुवत प्राणी केवळ दिव्यांच्या उजेडाची पातळी शून्य असलेल्या जागीच उत्पन्न होतात. मशालीची पातळी चौदा असते आणि ती दर ठोकळ्यागणिक एकाने घटते. पानांच्या ठोकळ्यांवर हे प्राणी उत्पन्न होत नाहीत. पण फांद्यांच्या रुंद लाकडी पाठीवर होतात. म्हणून फांदी जितकी भव्य, तितकी तिच्यावर मशालींची गरज अधिक. याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे झाडाखालची जमीन. पानांचा प्रत्येक ठोकळा वरून येणारा प्रकाश एका पातळीने कमी करतो. दाट पर्णसंभाराखाली भर दुपारीही एवढा काळोख होतो की राक्षसी प्राणी दिवसा वावरू लागतात. खेळातील ‘डार्क फॉरेस्ट’ या प्रदेशात हेच घडते. महावृक्ष बांधणारा स्वतःच्या दारात आपल्या हाताने ते अरण्य तयार करतो. वास्तविक अरण्यात घनदाट छत्राखाली गवत का उगवत नाही, हे शिकविताना या अनुभवाचा थेट उपयोग होऊ शकेल.

आणि आग. ओंडके व पाने दोन्ही ज्वालाग्राही आहेत. त्यांत पाने फार लवकर पेटतात आणि ओंडके चिवटपणे टिकतात. एका विजेने किंवा चुलीशेजारच्या लाव्ह्याने पर्णसंभाराचा कोपरा पेटला तर काही मिनिटांत सांगाडा उरतो. यावर दगडी अस्तराची खोली, आग न पसरविणारी ‘कॅम्पफायर’ किंवा २०२० साली आलेले पाताळप्रदेशातील न जळणारे लाकूड असे उपाय आहेत. शेवटचा उपाय सुरक्षित असला तरी त्या लाकडाचा रंग लाल किंवा निळसर असल्याने झाड झाडासारखे राहत नाही.

लाकडाचा हिशेब

आतापर्यंत जे गृहीत धरले ते लाकूड येते कोठून? एकवीस ठोकळे बाह्य व्यास आणि सतरा ठोकळे आतील व्यास असलेल्या भिंतीस प्रत्येक थराला सुमारे ११९ ओंडके लागतात. शंभर थरांना जवळजवळ बारा हजार. खेळातील साध्या ओकच्या झाडापासून सरासरी पाच ओंडके मिळतात असे धरल्यास केवळ खोडाच्या भिंतीसाठी सुमारे २४०० झाडे तोडावी लागतील. तीस ठोकळे उंचीच्या मोठ्या झाडातून १२० ओंडके मिळतात. त्या हिशेबाने शंभर मोठी झाडे. तिरप्या फांद्यांवर ओंडक्याचे कापलेले तोंड दिसू नये म्हणून सहाही बाजूंनी साल असलेला ठोकळा वापरतात आणि तसे तीन ठोकळे करण्यास चार ओंडके खर्च होतात. फांद्या, मजले व जिने यांचे लाकूड वेगळेच. एका झाडात राहण्यासाठी एक वन जमीनदोस्त होते आणि पडद्यावर त्याची खंत वाटण्याचे कारण उरत नाही, कारण हाडांचा चुरा टाकला की चार रोपांचे पुन्हा तीस ठोकळ्यांचे झाड क्षणात उभे राहते. वजनाप्रमाणे येथे काळही माफ आहे. मात्र वजनाचा अभाव डोळ्याला खुपतो. काळाचा अभाव कोणालाच खुपत नाही. अध्यापकाने सावध राहावे ते या ठिकाणी.

खऱ्या महावृक्षातील निवासाचे एक अलीकडचे उदाहरण यासंदर्भात अभ्यसनीय आहे. कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट परगण्यात ‘लूना’ नावाने ओळखला जाणारा, सुमारे साठ मीटर उंच रेडवुड वृक्ष तोडला जाऊ नये म्हणून ज्युलिया बटरफ्लाय हिल या तरुणीने १० डिसेंबर १९९७ ते १८ डिसेंबर १९९९ असे ७३८ दिवस त्याच्यावर वास्तव्य केले. तिचा निवास म्हणजे जमिनीपासून सुमारे पंचावन्न मीटर उंचीवरील फळ्यांचा एक मचाण. खोड पोकळ केले नव्हते, भिंती नव्हत्या. अन्न व इतर सामान सहकारी दोराने वर पोहोचवीत. अखेर तो वृक्ष आणि त्याच्या सभोवतालचा पट्टा राखण्याचा करार झाला. त्यानंतर नोव्हेंबर २००० मध्ये कोणा अज्ञाताने यांत्रिक करवतीने त्याचा बुंधा जवळजवळ निम्म्या घेरापर्यंत चिरला. तेव्हा पोलादी पट्ट्यांनी बुंधा जोडून आणि तारांनी आधार देऊन तो वाचवावा लागला. खेळात चारही ठोकळे गेले तरी झाडाला काही होत नाही. येथे अर्ध्या घेराच्या एका चिरेने अभियंते, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पोलाद यांची गरज निर्माण झाली.

वर्गातील एक स्वाध्याय

शैक्षणिक आवृत्तीचा वापर करणाऱ्या किंवा केवळ विद्यार्थ्यांच्या घरच्या संगणकावर विसंबणाऱ्या अध्यापकास महावृक्षापासून एक स्वाध्याय सहज तयार करता येईल. हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस वनस्पती उद्यानातील महावटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकण्यात आले. तो वड आज मूळ खोडाशिवाय, हजारो पारंब्यांवर उभा आहे. विद्यार्थ्यांनी खेळात दोन झाडे रचावीत : एक या वडासारखे पारंब्यांचे आणि दुसरे एकाच खोडाचे. नंतर दोन्हींचे मधले खोड फोडून टाकावे. पडद्यावर दोन्ही जशीच्या तशी राहतील. त्यानंतर त्यांनी कागदावर प्रत्येक झाडाच्या पर्णसंभाराचे व फांद्यांचे ठोकळे मोजावेत आणि एक घनमीटर ओल्या लाकडाचे वजन ढोबळमानाने एक टन धरावे. पानांच्या ठोकळ्यात बहुतांश हवाच असल्याने त्याचे वजन किती धरावे, हे वर्गात वाद घालून ठरवावे. मग पहिल्या झाडात तो भार किती पारंब्यांवर आणि किती छेदक्षेत्रावर वाटला जातो, आणि दुसऱ्या झाडात तो कशावर राहतो, हे लिहून आणावे. दुसऱ्या झाडाच्या रकान्यात बहुतेक विद्यार्थी प्रथम काहीतरी लिहू पाहतात. तो रकाना रिकामाच का ठेवावा लागतो, यावर पुढील तासिकेची चर्चा सुरू करता येईल.